भिंतीवरचा डाग आणि घरधन्याचे बोल



वायिक्रा ग्रंथातील मेत्सोरा हा पाराशा आपण दरवर्षी वसंतात, पेसाहच्या आगेमागे ऐकतो. त्याच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवर उठणाऱ्या चट्ट्याचा नियम आहे. भिंतीत हिरवट किंवा तांबूस खळगे दिसले तर काय करावे, हे तेथे पायरीपायरीने सांगितले आहे. हा नियम फक्त एरेत्स इस्राएलमधील घरांचा. कोकणात आपल्या आजोबा-पणजोबांनी तो नुसता ऐकला. आपण मात्र त्याच भूमीत घरे करून राहिलो आहोत.

एक गोष्ट प्रथमच सांगतो. रामबाम म्हणतात की तो चट्टा निसर्गक्रमाने येत नसे, ते एक चिन्ह होते. तेव्हा न्हाणीघरातील काळी बुरशी म्हणजे तोच चट्टा नव्हे आणि बुरशी आली म्हणून कोणी पापी ठरत नाही. परंतु तोराहने त्या वेळी जी रीत घालून दिली, ती आपल्या भिंतींनाही उपयोगी पडते.

त्या रीतीची पहिली पायरी कोणती? खरवडणे नव्हे, चुना लावणे नव्हे. घरधन्याने स्वतः उठून कोहेनकडे जावे आणि माझ्या घरात चट्ट्यासारखे काही दिसते आहे, असे तोंडाने सांगावे. मिश्ना म्हणते की तो स्वतः मोठा पंडित असला तरी त्याने निकाल देऊ नये. 'चट्ट्यासारखे' एवढेच म्हणावे. म्हणजे उपायाचा आरंभ सांगण्यापासून होतो.

आणि नेमके हेच आपल्याला जड जाते. आपल्या लोकांना स्वच्छ घराचा मोठा अभिमान. पेसाहला पाहुणे येणार म्हणून डागावर रंग फिरवला जातो, नाहीतर कपाट पुढे ओढले जाते. एकटी राहणारी म्हातारी आई मुलांना कळवीत नाही. उगाच त्यांना खर्चात कशाला घालायचे, असे तिला वाटते. शब्बाथला नातू त्याच खोलीत निजतो आणि रात्रभर खोकतो. ज्याला दमा आहे त्याचा दमा बुरशीने बळावतो. लपविलेला डाग अशा रीतीने दुसऱ्याच्या छातीत उतरतो.

पुढची पायरी पाहा. कोहेन येण्यापूर्वीच घर रिकामे करावे, म्हणजे आतील वस्तू अशुद्ध ठरणार नाहीत. रब्बी मेईर विचारतात, यात वाचणार ते काय? लाकूड, कापड, धातू तर पाण्यात बुडवून शुद्ध होतातच. वाचतात ती फक्त मातीची भांडी! गरिबाच्या मडक्याचीही ज्या तोराहला इतकी काळजी, तिला त्या घरातील लेकरांची किती असेल? आपणही भिंतीला चिकटलेली कपाटे व पलंग चार बोटे पुढे घ्यावेत. मागे वारा खेळला पाहिजे.

नंतर घर सात दिवस बंद ठेवून पुन्हा पाहावे. चट्टा पसरला असेल तर ते दगड उपटून गावाबाहेर टाकावेत, भिंत खरवडावी, नवे दगड व नवा गिलावा करावा. पुन्हा उठला, तरच घर पाडावे. यात घाई नाही आणि वरवरची मलमपट्टीही नाही. बुरशीचे मूळ पाणी आहे. ते थांबविल्याशिवाय रंग देणे व्यर्थ.

कोकणात श्रावणात भिंती ओल धरीत, पण कौलांतून वारा येई. येथील सिमेंटच्या भिंती हिवाळ्यात गार पडतात, आपण खिडक्या लावून घेतो आणि स्वयंपाकाची, अंघोळीची व घरात वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ त्याच भिंतींवर पाणी होऊन बसते. ममादची खोली जाड काँक्रीटची व घट्ट बंद, म्हणून तेथे अधिक जपावे. रॉकेलच्या शेगडीनेही हवेत वाफ वाढते. यास्तव रोज दोनदा समोरासमोरच्या खिडक्या थोडा वेळ उघडाव्यात. अंघोळीनंतर न्हाणीघराचा पंखा चालू ठेवावा. स्पोंजा केल्यावर फरशी कोरडी करावी. गळका नळ, तडकलेले छप्पर आधी दुरुस्त करावे. जे भिजले ते एक-दोन दिवसांत वाळलेच पाहिजे. हवेतील ओलावा साठ टक्क्यांच्या खाली राहावा.

डाग आला असेल तर हातमोजे व तोंडावर मास्क घालून साबणपाण्याने घासावा आणि जागा वाळवावी. दमेकऱ्याने हे काम करू नये. ब्लीच वापरलेच तर त्यात अमोनिया किंवा ॲसिड कधीही मिसळू नये. विषारी वायू होतो. बुरशी मुरलेली गादी टाकूनच द्यावी. डाग चौरस मीटरभर पसरला असेल तर जाणकाराला बोलवावे.

आता शेवटची गोष्ट. दोन घरांमधल्या सामाईक भिंतीत चट्टा उठला तर मिश्ना सांगते की दोघांनी मिळून दगड काढावेत, दोघांनी खरवडावे, दोघांनी नवे दगड आणावेत. गिलावा मात्र ज्याचा त्याने करावा. शेजारी म्हणू शकत नाही की डाग तुझ्या बाजूला आहे, मला काय त्याचे! आपण इमारतींत राहतो. वरच्याचा नळ गळला की खालच्याचे छत काळे पडते.

म्हणून या शुक्रवारी आईला, मावशीला, जिन्यापलीकडच्या एकट्या आजोबांना नुसते "कसे आहात?" विचारून थांबू नका. "तुमच्या भिंती कोरड्या आहेत ना?" असेही विचारा, आणि कपाट सरकवायला हात लावा. आणि वडीलधाऱ्यांनो, तुम्हीही संकोच न धरता सांगा. तोराहने घरधन्यावर टाकलेले पहिले काम तेवढेच आहे.

परमेश्वर आपणा सर्वांची घरे कोरडी व आरोग्याने भरलेली ठेवो. आमेन. शब्बाथ शालोम.