तेवणारे आणि पेटणारे

हाकेसरशी धावून येणारा माणूस मोठा, की हाक मारायची वेळच येऊ नये म्हणून कायम जवळ बसून असणारा मोठा? प्रश्न तसा धर्मशास्त्राचा आहे. गजेंद्राने हाक मारली आणि विष्णू धावला, त्याची कथा झाली. पुंडलिक आईबापांचे पाय चेपत जागचा हलला नाही, तर प्रत्यक्ष देवाला विटेवर ताटकळावं लागलं, त्याचीही कथा झाली. म्हणजे आपल्या परंपरेने या खटल्यात दोन्ही पक्षांना डिक्री देऊन ठेवली आहे. अशाने कीर्तनकारांचं फावतं आणि भावाभावांची पंचाईत होते.

मला या विषयात जो काही प्रकाश दिसला, तो शिकागोजवळच्या एका तळघरात, हातात बॅटरी धरून उभा असताना दिसला. माझा धाकटा भाऊ तिथे असतो. त्याच्या मुलीचं बारसं जानेवारीत होतं. आईला प्रवास झेपणारा नव्हता म्हणून आई आली नाही, आणि आई आली नाही म्हणून आमची ही आली नाही. राहता राहिलो मी. बँकेत माझी रजा शिल्लक होती आणि माझ्यावाचून बँकेचं काही अडत नाही, हे बँकेला पूर्वीपासून ठाऊक होतं.

शिकागोची थंडी ही आपल्याकडच्या थंडीची नातेवाईक नव्हे. २० जानेवारी १९८५ रोजी तिथे पारा उणे २७ अंश फॅरेनहाइटवर गेला होता, म्हणजे जवळजवळ उणे ३३ सेल्सिअस. त्यामुळे तिथल्या घरोघरी तळघरात गॅसवर चालणारी एक भट्टी असते. गॅस जळतो, त्यावर हवा तापते आणि मोठा पंखा ती पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत पाठवतो. ही भट्टी बारशाच्या आदल्या दिवशी बंद पडली. मी फोनवर आईला म्हटलं, "तळघरातली भट्टी बिघडली आहे." पलीकडे जरा शांतता पसरली. मग आई म्हणाली, "चांगली नोकरी आहे ना रे त्याला? मग भट्टी कशाला लावली?"

धाकट्याने भट्टीचं दार काढलं आणि निदान केलं, इग्नायटर गेला. इग्नायटर म्हणजे करंगळीएवढी करडी पट्टी, चिनी मातीच्या बैठकीत रोवलेली. ती सिलिकॉन कार्बाइडची असते. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने १८९३ साली ज्याचं पेटंट घेतलं, तेच कार्बोरंडम. आपल्याकडे सुऱ्याकात्र्यांना धार लावणाऱ्याच्या चाकातही तेच असतं. तिकडे ते धार लावतं आणि इकडे भट्टी पेटवतं. एकाच घराण्यातली दोन मुलं वेगवेगळ्या लाइनीला लागावीत, तसं.

धाकट्याने वीज बंद केली, गॅसची चावी फिरवली, हात साबणाने धुतले आणि नवा इग्नायटर फक्त बैठकीला धरून उचलला. करड्या भागाला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं तर तो तेवढ्याच जागी जास्त तापून लवकर तडकतो म्हणे. आजीच्या लोणच्याच्या बरणीनंतर एवढं सोवळं मी प्रथमच पाहत होतो. एक स्क्रू, एक प्लग, संपलं काम.

मग त्याने वीज सुरू केली आणि मला खिडकीएवढ्या भोकातून आत बघायला लावलं. वरच्या खोलीतला थर्मोस्टॅट हाक मारतो. आधी धुराचा छोटा पंखा फिरतो. तो नीट फिरतोय याची खात्री झाली की इग्नायटरला वीज मिळते. पंधरावीस सेकंदांत तो तांबडा होतो, मग पिवळटपांढरा, हजार अंशांच्या पुढे. तेव्हा कुठे गॅस सुटतो आणि भक्कन ज्योत लागते. लगेच दुसरी एक सळई ज्योत खरोखर लागली का, ते बघते. काही सेकंदांत तिने होकार दिला नाही तर गॅस बंद. पासिंग ऑफिसरची सही झाल्याशिवाय कॅश सुटत नाही, त्यातलाच प्रकार. मला एकदम ऑफिसात आल्यासारखं वाटलं.

"पूर्वी ही भानगड नव्हती," धाकटा म्हणाला. "माझ्या भाड्याच्या घरात पायलटवाली भट्टी होती."

पायलट म्हणजे एक चिमुकली निळी ज्योत, रात्रंदिवस तेवणारी. आपल्या नंदादीपासारखी. भट्टी बंद असो की चालू, ती आपली जळतच असते. तिच्या उबेवर दोन धातूंच्या जोडातून किंचितशी वीज तयार होते आणि त्या विजेच्या जोरावर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली की झडप मिटते. म्हणजे सगळ्या घराची राखण हिच्याकडे, आणि ही आहे हे घरात कुणाला ठाऊकही नसतं. ती विझते त्या दिवशी मात्र सगळे खाली धावतात.

तर अशा पायलटवर अमेरिकेत गदा आली. काही काम नसताना गॅस खाते, हा आरोप. १९८७ साली कायदा झाला, १९९२ पासून नव्या भट्ट्यांना किमान ७८ टक्के कार्यक्षमता सक्तीची झाली आणि नव्या यंत्रांतून पायलट जवळजवळ हद्दपार झाला. मी बी.कॉम. असल्याने मला हा हिशेब समजतो. पायलट हा स्थिर खर्च. माल निघो न निघो, तो चालूच. इग्नायटर हा बदलता खर्च. काम असेल तेव्हाच. कुठलाही ऑडिटर पहिल्याकडे बघून भुवया उंचावणार.

घरातही आपण असेच ऑडिटर असतो. तीन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात पडली. धाकटा दुसऱ्या दिवशी रात्री दारात हजर. सगळी चाळ लोटली. "मुलगा असावा तर असा," शेजारच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या. खोटं नव्हतंच ते. हे म्हणणाऱ्या मंडळींना आमची ही चहा देत होती. अकरा वर्षं आईच्या गोळ्या, आईचं पथ्य आणि आईचा स्वभाव ती सांभाळते आहे, पण त्याबद्दल डोळे पुसायला कुणाला मुहूर्त सापडलेला नाही. भडका दिसतो. तेवणं दिसत नाही.

हे सगळं धाकट्याला ऐकवावं म्हणून मी बॅटरी खाली ठेवली. तो जुना इग्नायटर निरखत होता. त्यावर केसाएवढी पांढरट चीर होती. "तापायचं आणि थंड व्हायचं," तो म्हणाला, "हजारो वेळा. त्यानेच जातात हे. दादा, रात्री दोनला भारतातून फोन वाजला की उचलेपर्यंत माझं हेच होतं. मागच्या महिन्यात असाच उचलला, तर मावसभाऊ विचारत होता, कुठला मोबाइल घेऊ?"

मी बॅटरी पुन्हा हातात घेतली.

म्हणजे खर्च दोघांचाही होतो. एकाचा गॅस जातो, दुसऱ्याला चीर पडते. थोर कोण, हा प्रश्नच मला तेव्हापासून बँकेत चुकीच्या काउंटरवर आलेल्या माणसासारखा वाटतो. खरा प्रश्न साधा आहे, बिल कुणाच्या नावावर निघतंय आणि ते आपण वाचतोय का? त्यातही एक फरक राहतोच. इग्नायटरचा सुटा भाग दुकानात मिळतो. घरातल्या पायलटला बदली कोण?

धाकट्याला हे मी बोललो नाही. त्याला न बोलताच कळलं असावं. गेल्या मे महिन्यात तो कुणी न बोलावता, कुणी न पडता, तीन आठवड्यांची रजा काढून आला आणि त्याने वहिनीला जबरदस्तीने माहेरी पाठवलं. चौथ्या दिवशी रात्री तिच्या माहेरी फोन वाजला.

"वहिनी, आईची रात्रीची गोळी जेवणाआधी की नंतर?"

"आधी," ही म्हणाली. "निळ्या डबीतली. आणि पाणी कोमट द्या, नाहीतर घेणार नाहीत."