काळजी करणें आणि काळजी घेणें

मराठी भाषेंत ‘काळजी’ हा एकच शब्द दोन निराळ्या क्रियापदांशीं संसार करतो. आपण माणसाची काळजी करतों आणि माणसाची काळजी घेतोंही. पहिल्या क्रियेंत मनाला घोर लागतो. दुसरींत हाताला काम लागतें. व्यवहारांत या दोन गोष्टी इतक्या एकत्र नांदतात कीं, त्यांतील भेद सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. परंतु घरांत वृद्ध माणूस असावें, त्यास रक्तदाबाचा विकार असावा, आणि तो दाब सकाळीं एक तर सायंकाळीं दुसरा असा चंचल असावा, म्हणजे हा भेद उघडा पडतो व त्याबरोबर एक नैतिक प्रश्नही उभा राहतो. वाढलेला आकडा पाहून आपण जी जादा गोळी पुढें करतों, ती नेमकी कोणाच्या दुखण्यावर असते?

ठाणें, डोंबिवली व कल्याण या पट्ट्यांत हा प्रश्न घरोघरचा आहे. मुलगा डोंबिवलीस, मुलगी कल्याणास, आणि आई ठाण्यास नौपाड्यांतील जुन्या घरांत, अशी कुटुंबें येथें शेंकड्यांनीं सांपडतील. माझी एक मावशी यांपैकींच. वय ऐंशीच्या पुढें. दंडाला पट्टा बांधून कळ दाबली कीं आकडा दिसतो, आणि व्हॉट्सॲपच्या कृपेनें तो क्षणार्धांत तिन्ही घरीं पोंचतो. सकाळीं 138 असलेला वरचा आकडा दुपारीं 172 झाला कीं मुलाचा कचेरींतून फोन येतो : “आई, गोळी घेतलीस ना? काय खाल्लंस आज? पुन्हा एकदां मोज बरं.” मावशी पुन्हा मोजते, तों आकडा 180! मुलाची चिंता तारेवांचून आईच्या धमनींत उतरते, आणि यंत्र ती प्रामाणिकपणें नोंदवितें.

यांत यंत्राचा दोष नाहीं. रक्तदाब ही मुळांतच स्थिर राहणारी वस्तु नव्हे. निद्रेंत तो उतरतो, जाग येतांच चढतो; जिना चढल्यानें, बोलल्यानें, लघवी तुंबल्यानें, वेदनेनें वा भयानें वाढतो. वृद्धपणीं रक्तवाहिन्यांचा लवचिकपणा कमी झाल्यामुळें हे हेलकावे मोठे होतात. उलट, एकदम उठून उभें राहतांच दाब घसरून डोळ्यांपुढें अंधारीही येते. 1983 सालीं इटलींतील वैद्यांनीं रुग्णांच्या धमनींतील दाब अखंड नोंदवून असें दाखविलें कीं, डॉक्टर नुसते खाटेजवळ आले तरी वरचा आकडा सरासरीनें 25 मिलिमीटरांहून अधिक चढतो. डॉक्टरांच्या चाहुलीनें जें होतें, तें पोटच्या मुलाच्या घाबऱ्या आवाजानें होणार नाहीं काय?

मग आकड्यांकडे पाहूंच नये, असें कोणी म्हणेल. तेंही खरें नव्हे. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची रीवा-रोच्ची याची युक्ति 1896 सालची, व नळी लावून धमनीचा नाद ऐकण्याची कोरोत्कॉफ याची रीत 1905 सालची. मोजतां येऊं लागलें, पण उपाय मात्र कित्येक वर्षें हातीं नव्हता. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब भयंकर वाढलेला आहे हें त्यांच्या वैद्यांस ठाऊक होतें. तरीही 12 एप्रिल 1945 रोजीं मेंदूंतील रक्तस्रावानें त्यांचा अंत झाला. पुढें 1949 सालीं मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं आपल्याकडील सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत मांडला, आणि जगाचें लक्ष या वनस्पतीकडे वेधलें. आज ज्यांनीं ऐंशी ओलांडली आहे, त्यांच्या बाळपणींची ही गोष्ट. “वय झालें, आतां कशाला गोळ्या?” हा उदासीन प्रश्नही टिकत नाहीं. ऐंशीपुढील 3,845 रुग्णांवर केलेल्या व 2008 सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत, दाब 150/80 पर्यंत आणण्याचें धोरण ठेवून औषध दिलें असतां मृत्यूंचें प्रमाण सुमारें एक पंचमांशानें घटलें. तेव्हां रोजची गोळी नियमानें देणें ही निःसंशय काळजी घेणेंच होय.

माझा आक्षेप आहे तो घाबरून दिलेल्या जादा गोळीस. एके काळीं चढलेला दाब झटकन उतरविण्यासाठीं निफेडिपिनचें औषध जिभेखालीं देण्याची चाल वैद्यांतही होती. दाब उतरे खरा. पण तो इतक्या वेगानें कीं कित्येकांच्या मेंदूस वा हृदयास रक्त अपुरें पडून अनर्थ होई. 1996 सालीं ही चाल बंद करावी अशी स्पष्ट मागणी वैद्यकीय नियतकालिकांत झाली. ज्या गोष्टींत तज्ज्ञांची घाई घातक ठरली, तींत आपली घाई कितपत सुरक्षित असेल? गोळी दिल्यावर मुलास झोंप लागते. पण मध्यरात्रीं मोरीकडे जातांना तोल जाऊन पडावें लागतें तें आईला. आपल्या भयावरचें औषध दुसऱ्याच्या पोटांत घालणें, हा प्रेमाच्या वेषांतला स्वार्थच म्हटला पाहिजे. तो अजाणतां घडतो, म्हणूनच त्याला ओळखणें अवघड.

याच भयाचें दुसरें रूप म्हणजे आकडा लपविणें. “तिला कळलें तर आणखी वाढेल,” असें म्हणून मुलें 172 चा 142 करून सांगतात. हेतु दयेचा असतो, यांत शंका नाहीं. परंतु ज्या बाईनें साठ वर्षें संसाराचा जमाखर्च चोख ठेवला, तिच्याच देहाचा हिशेब तिच्यापासून चोरावा काय? शिवाय लपविलेलें चेहऱ्यावर दिसतेंच, आणि एकदां विश्वास गेला कीं खरा 138 देखील तिला खोटा वाटूं लागतो. सत्य सांगावें, पण तें एका क्षणाचें नव्हे, तर आठवड्याचें सांगावें. पांच मिनिटें स्वस्थ बसून, ठरल्या वेळीं, सकाळ-सायंकाळ घेतलेल्या आकड्यांची वही डॉक्टरांपुढें ठेवावी. उभें राहिल्यावर काय होतें तेंही त्यांस सांगावें. गोळी वाढवावी कीं घटवावी, हें त्यांनीं ठरवावें. तोंड वांकडें झालें, बोबडी वळली, हात लुळा पडला, छातींत कळ आली वा श्वास कोंडला, तर मात्र वही मिटून तत्काळ रुग्णालय गांठावें. तेथें धीर धरणें हा अपराध होय.

आणि एक प्रश्न आपण बहुधा विचारतच नाहीं : त्या वृद्ध माणसाला स्वतःला काय हवें आहे? मावशीला विचारलें तेव्हां ती म्हणाली, “संध्याकाळीं तलावपाळीपर्यंत माझ्या पायांनीं जाऊन यावं, एवढंच.” या उत्तरांत एकही आकडा नाहीं, तरी उपचाराचें ध्येय त्यांत पुरतें आलें आहे. अर्धांगवायु टळला पाहिजे, कारण त्यानें पाय जातात. चक्कर टळली पाहिजे, कारण तीनेंही पाय जातात. औषधाचा तोल या दोहोंच्या मध्यें सांभाळावयाचा असतो.

काळजी करूं नये, असें सांगणें सोपें आहे. पण ती आपल्या स्वाधीन नाहीं. माया आहे तेथें ती असणारच. आपल्या स्वाधीन आहे तें इतकेंच कीं, ती आपल्यापाशींच ठेवावी, आणि आईच्या हातीं द्यावयाची ती वेळेवरची गोळी, भरलेला तांब्या आणि उठतांना आधाराचा हात.