जपायचं ते पुढे देण्यासाठी

गिरगाव,
डिसेंबरअखेर

चि. सौ. लाडक्या भाचीस,


तुझं पत्र मिळालं. चाळीच्या जिन्याखाली सापडलेली मांजराची तीन पिल्लं तू घरात घेतलीस हे वाचून फार बरं वाटलं. नणंद बाळाला घेऊन माहेरी आलेली, बाळाचं पहिलं बोरन्हाण तोंडावर आलेलं, हलव्याचे दागिने करायचा घाट तू घातलेला, आणि त्यात ही तीन. सासूबाई गप्प आहेत, लेकाला अभ्यासाचं भान उरलेलं नाही, आणि तू रात्री जागून दूध पाजतेस. "मावशी, मी हे अंगावर घेतलं ते बरोबर का?" असं विचारलंयस. बरोबर केलंस. आता ते नीट तडीला कसं न्यायचं, तेवढं सांगते.

आई दोन दिवस फिरकली नाही हे खात्रीने पाहूनच तू त्यांना उचललंस, हे चांगलं झालं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. जागा धोक्याची वाटली की ती एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते आणि मधल्या वेळात उरलेली पिल्लं पोरकी दिसतात. पुढे कुणी तुला पिल्लं आणून दिली, तर आधी हेच विचार : आईची वाट पाहिली का? आईच्या दुधाला तोड नाही. आई असेल तर पिल्लं तिच्यापाशी ठेवावीत आणि आपण आईला खाऊ घालावं.

तुझ्या पिल्लांचे डोळे नुकतेच उघडलेत आणि ती लडखडत चालतात, म्हणजे ती दोन आठवड्यांच्या आसपासची असावीत. या वयात पहिली गरज उबेची. दूध त्याच्यानंतर. मुंबईकराला थंडीचं काही वाटत नाही. सांताक्रूझला जानेवारी १९६२ मध्ये पारा ७.४ अंशांवर उतरला होता, पण अशी थंडी आपल्याकडे क्वचितच. आपल्याला पहाटेचे सतरा-अठरा अंश सुखाचे वाटतात. पिल्लांना ते सोसत नाहीत, कारण चार आठवड्यांपर्यंत त्यांना अंगाची ऊब स्वतः टिकवता येत नाही. खोक्याच्या एका बाजूला गरम पाण्याची पिशवी सुती कापडात गुंडाळून ठेव आणि दुसरी बाजू मोकळी सोड, म्हणजे उकडलं तर त्यांना सरकता येईल. पिल्लू हाताला गार लागलं तर त्याला दूध पाजू नकोस. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आधी छातीशी धरून हळूहळू ऊब दे, मग पाज.

दूध गाईचं किंवा म्हशीचं नको, त्याने जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब भारी पडतात. मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते, ती आण. कोमट करून मनगटावर थेंब टाकून बघ. पिल्लाला पालथं, पोटावर ठेव, मान जराशी वर, आणि बिनसुईच्या सिरिंजने थेंब थेंब सोड. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. सध्या तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा. पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाखाली हळुवार पुसत राहा, म्हणजे शी-शू होईल. आई हे काम जिभेने करते. आणखी आठवडाभराने त्यांचं त्यांना जमू लागेल, मग एका पसरट ट्रेमध्ये कागदाचे कपटे किंवा वाळू ठेव. चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणं सुरू करता येईल.

लेकाच्या हाती वही दे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी तिघांची वजनं घेऊन त्याने ती मांडायची. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढ हवी. वजन जागच्या जागी राहिलं किंवा घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. अशी वही मांडणारा मुलगा अभ्यासात मागे पडत नाही. जीव वाढतो म्हणजे काय होतं, ते त्याला आकड्यांत दिसेल.

डॉक्टरसाठी तुला लांब जायला नको. परळचं बैलघोडा हॉस्पिटल तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. लेकाला सोबत ने आणि त्या वास्तूची गोष्ट सांग. १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली आणि त्याच साली प्राण्यांवरची क्रूरता रोखण्यासाठी इथे संस्था उभी राहिली. हे शहर तेव्हा बैलांच्या आणि घोड्यांच्या खांद्यांवर चालत होतं. गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी पत्नी सकरबाईंच्या नावे परळला जनावरांचं इस्पितळ उभं केलं. १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. लोकांनी नाव दिलं बैलघोडा, आणि रस्त्यावरून गाड्या ओढणारे बैल-घोडे गेले तरी तेच नाव टिकलं. ज्या गिरणगावाने राबत्या जनावरांसाठी इस्पितळ पाहिलं, तिथल्या मुलाला हे ठाऊक असायला हवं. तिथल्या डॉक्टरांना जंताचं औषध आत्ताच विचार. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, आणि बारा आठवडे झाले की रेबीजची.

आता तुझ्या हातकामाबद्दल, कारण माझी खरी धास्ती तिथे आहे. कॅलेंडरांवर लोकरीच्या गुंड्याशी खेळणारं मांजराचं पिल्लू छापतात. ते चित्र डोक्यातून काढून टाक. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच जातो. एक टोक अडकलं की आतडी त्या दोऱ्यावर गोळा होतात आणि कापली जातात. शस्त्रक्रियेशिवाय मग इलाज नसतो. पिल्लाच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर कधीही ओढू नकोस, तसंच बैलघोड्याला ने. हलव्याचे दागिने ओवायचा दोरा, जरीचे तुकडे, सुया, लोकर, सगळं काम आटोपताच झाकणाच्या डब्यात गेलं पाहिजे. संक्रांतीच्या दिवसांत गॅलरीत तुटक्या मांजाची भेंडोळी येऊन पडतात, तीही उचल. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी कापलेले पक्षी दर संक्रांतीला परळच्या इस्पितळात येतातच.

ट्रंकेतल्या गोधड्या काढशील तेव्हा डांबरगोळ्या मोजून बाजूला कर. मांजरांना त्या विषारी असतात. गोधडी दोन दिवस उन्हात टाकून वास पुरता गेल्यावरच पिल्लांखाली घाल. घालायची ती गोधडीच, लोकरीचं विणलेलं काही नको, कारण विणीच्या फटीत नखं अडकून पाय मुरगळतात. जुन्या सुती लुगड्याचे थर आणि त्यावर काठापासून आत येणारा बारीक, घट्ट धावदोरा, असं अंथरूण त्यांना उत्तम. तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही द्यायची नाही, ती जीव घेते. कांदा-लसूण घातलेलं अन्नही नको. दादरच्या फूलबाजारातून बोरन्हाणाच्या सजावटीला फुलं आणशील, त्यात लिली आणू नकोस. तिच्या नुसत्या परागांनीही मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

घरात तान्हं बाळ आहे, तेव्हा पिल्लांचा खोका बाळाच्या खोलीत नको. पिल्लांना हात लावला की साबणाने हात धुवायचे, हा नियम लेकालाही आणि पाहुण्यांनाही. घरात कुणी गरोदर असेल तर तिने पिल्लांचा ट्रे साफ करू नये. पिल्लू चावलं किंवा नख लागून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवून केईएम हॉस्पिटलात जाऊन दाखवायचं. एवढंसं पिल्लू काय करणार, असं म्हणत बसायचं नाही.

सासूबाईंच्या गप्प राहण्याचा राग धरू नकोस. ज्या पिढीने दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसांचा संसार केला, तिला घरात आणखी तीन तोंडं दिसली की धसका बसतोच. त्यांच्याशी वाद न घालता त्यांना काम दे, आणि ते त्यांच्या हातचं असू दे. हलव्याला काटा आणणं तुला अजून जमत नाही, त्यांना येतं. साबुदाणा, खसखस, तीळ परातीत घेऊन मंद आचेवर चमचा-चमचा पाक घालत बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. पाक जास्त पडला तर दाणे चिकटतात, आच वाढली तर साखर पिवळी पडते. हवा कोरडी आणि गार असेल तरच दाण्यावर पांढराशुभ्र काटा उभा राहतो, आणि त्यालाही दिवस जातात. त्यांच्या शेजारी बस, शिकून घे. त्या परातीपाशी बसतील तेव्हा पिल्लांचा खोका नजरेच्या टप्प्यात ठेव. षष्ठीदेवीचं वाहन मांजर आहे, तान्ह्या बाळांची राखण करणाऱ्या देवीने हाच प्राणी आपल्यापाशी ठेवला, ही आठवणही त्यांना करून दे. त्या स्वतःहून विचारतील, "आज वजन किती भरलं?"

एक कठीण गोष्टही सांगून ठेवते. आईविना वाढणारी सगळीच पिल्लं जगत नाहीत. कधी ऊब, दूध, औषध सगळं वेळेवर देऊनही एखादं रात्रीतून जातं. तसं झालं तर लेकापासून लपवू नकोस आणि स्वतःला बोल लावू नकोस. उरलेल्यांना पाजायची वेळ झालेली असेल, ती पाळ.

आता पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस, "मावशी, मला यांना कुणाला द्यायचा धीर होणार नाही," त्याविषयी. तू नणंदेच्या बाळासाठी बाळंतविडा शिवलास. कुंची, झबली, टोपडी, दुपटी. प्रत्येक टाका घालताना ते बाळाच्या अंगावर जाणार हे ठाऊक होतं, म्हणून टाका सैल पडला का? उलट जास्त नेटका पडला. हे हलव्याचे दागिनेही बाळाच्या अंगावर चढणार आणि त्याच संध्याकाळी मुलं ते फोडून खाणार. पिल्लांचंही तसंच. ती दुसऱ्याच्या घरी जायची आहेत म्हणून तर त्यांना सुदृढ, माणसाळलेली, ट्रे वापरायला शिकलेली करून द्यायचं. दुसऱ्या आठवड्यापासून सातव्यापर्यंत माणसांचे हात, आवाज, मिक्सरची घरघर, प्रेशर कुकरची शिटी यांची जितकी सवय होईल, तितकी ती पुढच्या घरात निर्धास्त राहतील. हे काम तुझ्या भरलेल्या घराइतकं चांगलं कुठे होणार?

संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस. पन्नास बायका तुझ्या दारी येतील, त्यांना पिल्लं दाखव. मात्र पिल्लू हे वाण म्हणून लुटायची वस्तू नाही. "किती गोड!" म्हणून हात पुढे करणारीला लगेच देऊ नकोस. विचार : घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का? खिडक्यांना, गॅलरीला जाळी आहे का? मे महिन्यात आणि गणपतीत कोकणात जाल तेव्हा याला कोण पाहील? लस आणि नसबंदीचा खर्च कराल का? मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत वितेही, म्हणून नसबंदीचं वचन आधी घे. आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू हातावेगळं करू नकोस. दोघं एकत्र जाणार असतील तर त्या घराला पहिला मान. देताना लेकाची वजनाची वही, लशीचं कार्ड आणि खोक्यातल्या गोधडीचा एक तुकडा सोबत दे, ओळखीच्या वासाने पहिली रात्र सोपी जाते. पिल्लू बेवारस सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही सांग. नाही जमलं तर परत तुझ्याकडेच आणायचं, असं बजावून दे.

तिन्ही ठेवून घेतलीस तर तीन जीव सुखात राहतील, पण तुझ्या दोन खोल्यांत चौथ्याला जागा उरणार नाही. तिन्ही चांगल्या घरी दिलीस, तर पुढच्या थंडीत जिन्याखाली सापडणाऱ्यांना तुझं दार उघडं असेल. परळ-लालबागला अशा दारांची फार गरज आहे. तेव्हा जीव लाव, पुरता लाव, आणि वेळ आली की दे.

भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी घेऊन मी येतेच आहे. त्या रात्रीचं पाजणं माझ्याकडे, तू झोप. सासूबाईंना नमस्कार, बाळाला आणि लेकाला आशीर्वाद.

तुझी,
मावशी