अंधार कोणाच्या वाट्याचा?

भिंतीवरचे बटन दाबावे आणि खोली उजळावी, ही गोष्ट आपणां सर्वांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, दिवा लागला असता आपण कोणाचे आभार मानीत नाही. न लागला तर मात्र तत्काळ बोटे मोडू लागतो. हा दिवा नेमाने लागावा म्हणून त्याचे मोल कोण देतो, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवू इच्छितो. वरवर पाहता तो इंजिनियर लोकांचा विषय दिसेल. परंतु त्याच्या मुळाशी न्यायान्यायाचा विचार आहे, असे आम्हांस वाटते.

काही वर्षांमागे आम्ही कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील एका खेड्यात मुक्कामास होतो. रात्री जेवणे झाल्यावर घरधनी घोंगडे, काठी व विजेरी घेऊन उठला आणि म्हणाला, "तुम्ही निजा निवांत. आज लाईट बाराला येनार, उसाला पानी पाजायचं हाय." त्याची म्हातारी आई मात्र निजली नाही. त्या बाजूस रात्री गवे उतरतात, पाटाच्या कडेला साप असतात. पहाटे मुलगा परत येईतो ती उंबऱ्याशी बसून होती. आम्ही ज्या दिव्याखाली बसून वाचीत होतो, तो सायंकाळपासून एकदाही मंदावला नव्हता. आमचा दिवा आणि तिचे जागरण यांचा काही संबंध असेल, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही.

संबंध आहे, आणि तो असा. वीज ही धान्यासारखी पोत्यात भरून ठेविता येत नाही. तारांच्या जाळ्यात ज्या क्षणी ती लागते, त्याच क्षणी तितकीच कोठेतरी उत्पन्न व्हावी लागते. सायंकाळी शहरांत व गावांत दिवे, पंखे, यंत्रे एकदम चालू झाली की मागणी चढते. मध्यरात्री ती उतरते. म्हणून ज्याची तक्रार दूरवर ऐकू जात नाही, त्या शेतपंपास उरलेल्या वेळेची वीज देण्याची वहिवाट पडली. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशा पाळ्या लागल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे राजू शेट्टी व त्यांचे सोबती कोल्हापुरात धरणे धरून बसले, ते याच मागणीसाठी. दिवसा दहा तास वीज द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

कोणी म्हणेल, ज्यास वीज स्वस्त किंवा फुकट मिळते, त्याने वेळेविषयी कुरकुर का करावी? यास आमचे उत्तर असे की, दान अपरात्री व सापाच्या वाटेवर ठेवले असेल, तर त्याची किंमत घेणाऱ्याने आधीच दिलेली असते. बिलात शून्य दिसले, म्हणून ती किंमत शून्य होत नाही.

आता वीज आणावी कोठून? येथे पुष्कळ वाद ऐकू येतात आणि प्रत्येक पक्ष आपल्या साधनास निर्दोष म्हणतो. आम्हांस तर एकही निर्दोष दिसत नाही. कोळशाचे ढीग ऊन असो वा पाऊस, रात्रंदिवस जळू शकतात, हा त्यांचा मोठा गुण; परंतु आपल्या घरच्या दिव्याचा धूर चंद्रपूरच्या लोकांच्या छातीत जातो. सूर्य कोणाकडे दाम मागत नाही. पण तो सायंकाळी मावळतो, आणि आमच्या घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात कित्येक दिवस दर्शनही देत नाही. साताऱ्याकडील चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या त्याच पावसाळी वाऱ्यात जोमाने फिरतात, मग हिवाळ्यात सुस्तावतात. साखर कारखाने चिपाडे जाळून वीज करितात, परंतु ती मुख्यत्वे गळिताच्या हंगामात. एकाचे उणे दुसऱ्याने भरावे अशी ही रचना आहे; एकट्यावर सर्व भार टाकू गेल्यास घर अंधारात राहील.

म्हणून साठवण हवी. आमच्या मुलखास साठवणीची विद्या नवी नाही. सांगलीजवळ हरिपूर येथे जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद वर्षानुवर्षे टिकवीत असत. विजेचे पेव मात्र निराळ्या तऱ्हेने खणावे लागते. बॅटरी काही तासांची भूक भागविते. दुपारचे ऊन सायंकाळच्या दिव्यास पोचविणे हे तिचे काम. महिन्यांची बेगमी करावयाची तर धरणच हवे. याखेरीज तिसरी रीत म्हणजे उदंचन प्रकल्प. त्यात डोंगरावर एक व पायथ्याशी एक असे दोन तलाव असतात. वीज मुबलक असता पाणी वर चढवावयाचे आणि टंचाईच्या वेळी खाली सोडून चक्रे फिरवावयाची. अकोले तालुक्यातील घाटघर येथे असा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ सालापासून आहे. यात शंभर युनिटे खर्चिली तर सुमारे पंच्याहत्तर ते ऐंशी परत मिळतात. साठवणही आपला वाटा कापून घेतेच.

आणि हा वाटा केवळ युनिटांचा नसतो. कोयनेचे वीजगृह १९६२ सालापासून महाराष्ट्रास प्रकाश देत आले. आज त्याची क्षमता १९६० मेगावॉट आहे. मागणी चढताच काही मिनिटांत तेथील चक्रे फिरू लागतात. परंतु ज्यांची गावे त्या पाण्याखाली गेली, त्यांच्या लेकरांस व नातवांस अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर, २०१८ साली, कोयनानगर येथे पुनर्वसनासाठी ठाण मांडून बसावे लागले. दिवा सर्वांचा झाला, अंधार थोड्यांचा. अलीकडे भुदरगड तालुक्यात पाटगाव येथे २१०० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पाची योजना एका खासगी कंपनीने मांडली, तेव्हा वेदगंगेच्या काठचे लोक आमच्या पाण्याचे काय होणार, असे विचारीत पुढे आले. त्यांस कोणी प्रगतीचे वैरी म्हणू नये. कोयनेचा इतिहास ज्यास ठाऊक आहे, त्याने आधी विचारावे हेच शहाणपणाचे.

मग आम्ही कोणत्या पक्षाचे? साठवण नकोच, असे आम्ही म्हणत नाही. दवाखान्यात बाळंतीण अडली असता वीज जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले आहे, ते असे कधी म्हणणार नाहीत. आमचे म्हणणे इतकेच की, कोणते साधन स्वस्त, या प्रश्नाबरोबर दुसराही विचारावा: जो मोल देतो, त्याच्याच घरी दिवा लागतो काय? ज्याची जमीन, पाणी किंवा झोप आपण घेतो, त्यास आधी विचारले काय, आणि दिलेला शब्द त्याच्या हयातीत पाळला काय?

यातून आणखी एक गोष्ट हाती लागते. सर्वांत स्वस्त साठवण म्हणजे गरजेची वेळ बदलणे. ऊन असता पंप चालला, तर शेतात व टाकीत गेलेले पाणी हीच साठविलेली वीज होय. तिला बॅटरी लागत नाही. राज्य शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढिली, तिचे मर्म हेच. येथे शेतकऱ्याची झोप आणि इंजिनियराचा हिशेब एकाच बाजूस येतात. तथापि सौर तावदानांनाही जागा लागते, आणि ती गायरानात घेतली तर ज्या विधवेच्या दोन शेळ्या तेथे चरतात, तिला कोण विचारणार? ग्रामसभेत हा प्रश्न उठविणे हे गावातील प्रत्येक सुजाण मनुष्याचे कर्तव्य आहे. तिच्या वतीने दुसरे कोणी बोलणार नाही.

वाचकहो, आपल्या हातीही काही आहे. गिरणी, पाण्याची मोटर, इस्त्री ही कामे दिवसा उरकावी. सायंकाळच्या त्या दोन-तीन तासांत निष्कारण वीज जाळू नये. हा त्याग मोठा नव्हे. परंतु तो करिताना आपल्याला आठवण राहील की, आपल्या दिव्याच्या दुसऱ्या टोकास कोणी मनुष्य उभा आहे, आणि त्याची आई कदाचित उंबऱ्याशी जागत बसली आहे.