कोठडीतली माया आणि तिचा हिशेब

तुरुंगाधिकाऱ्यासमोर बसून एक कैदी वाणसामानाची यादी सांगतो आहे. भाजलेल्या कोंबड्या, भाजलेली सफरचंदं, हॅम, पाव, चहा, कॉफी. वर त्याची अटही आहे. सामान त्याची आई बांधते तसंच बांधलेलं हवं, नाहीतर कोठडीतल्या सोबत्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकेल. मानुएल पुइग या अर्जेंटिनी लेखकाच्या १९७६ साली आलेल्या ‘किस ऑफ द स्पायडर वुमन’ या कादंबरीतला हा प्रसंग. कैदी आहे मोलिना, दुकानाच्या काचेआडची सजावट करणारा, पुरुषांवर प्रेम करणारा. सोबती आहे व्हॅलेंटीन, मार्क्सवादी क्रांतिकारक. व्हॅलेंटीनकडून त्याच्या साथीदारांची नावं काढून घेतली, तर आजारी आईकडे लवकर जाता येईल, असं आमिष मोलिनाला दाखवलेलं आहे.

कोंबड्या आल्या सरकारी पैशाने, खाल्ल्या दोघांनी मिळून. ही माया की हेरगिरीचा खर्च?

पुइग उत्तर देत नाही. किंबहुना देऊच शकणार नाही अशी रचना त्याने मुद्दाम केली आहे. कादंबरी जवळजवळ सगळी संवादांतून घडते, निवेदक नाही. कुणी कुणाकडे कसं पाहिलं, आवाज कधी कापरा झाला, हे सांगायला तिसरं माणूस कोठडीत नाहीच. व्हॅलेंटीनला अशक्त करण्यासाठी जेवणात काहीतरी मिसळलं जातं. त्याचं पोट बिघडतं, अंथरूण घाण होतं. मोलिना त्याला स्वतःच्या कपड्यांनी, चादरींनी पुसून काढतो. अन्नात काय होतं हे त्याला ठाऊक आहे. ज्या हातांनी तो पुसतो आहे, ते हात त्या कटात आहेत. आणि तरीही त्या पुसण्यात खोट दिसत नाही.

शिकवणं कुणाचं, हाही प्रश्न तसाच. अभ्यास करणारा व्हॅलेंटीन, वर्गलढा समजावून सांगणाराही तोच. मोलिना रात्री सिनेमांच्या गोष्टी सांगतो, चुंबन घेतलं की पँथर होणाऱ्या बाईची, नाझी प्रचारपटाची. व्हॅलेंटीन आधी नाक मुरडतो, मग पुढचा भाग ऐकायला आसुसतो. निरोपाच्या वेळी तो मोलिनाकडून वचन घेतो की यापुढे कुणालाही त्याने स्वतःला कमी लेखू द्यायचं नाही. आणि पानांच्या तळाशी पुइगने मोठ्या टिपा दिल्या आहेत, समलैंगिकतेविषयी मानसशास्त्रज्ञांनी काय काय म्हटलं त्यांच्या. टिपा वाढत जातात, आणि वरच्या दोन माणसांना त्यांतली एकही पुरी पडत नाही.

ही संदिग्धता म्हणजे लेखकाची पळवाट, असा आक्षेप घेता येतो. पण पुइगने काहीही झाकलेलं नाही. मोलिना कोण आहे हे पहिल्यापासून उघड आहे, दोघांमधला शरीरसंबंधही उघड आहे. धूसर राहतं ते कारण. तुरुंगात प्रेम, गरज, भूक आणि भीती एकाच ताटात वाढली जातात.

दोस्तोयेव्स्कीने हे शंभर वर्षं आधी पाहिलं होतं. ओम्स्कच्या तुरुंगात त्याने १८५० ते १८५४ अशी चार वर्षं सक्तमजुरी भोगली, त्यातून ‘नोट्स फ्रॉम द हाउस ऑफ द डेड’ आलं. त्यातला निवेदक अलेई नावाच्या दागिस्तानी पोराला नव्या करारावरून रशियन वाचायला शिकवतो. अलेई त्याच्या शेजारच्या फळीवर झोपतो. निवेदक त्याच्या चेहऱ्याचं, हसण्याचं वर्णन करताना थांबतच नाही, आणि आपल्या सुटकेच्या दिवशी पोरगा त्याला बराकीमागे नेऊन गळ्यात पडून रडतो. दुसरीकडे पेत्रोव नावाचा कैदी. हा पेत्रोव न्हाणीघरात निवेदकाला आपण होऊन आंघोळ घालतो, त्याचे पाय जपून धुतो; आणि याच पेत्रोवने त्याचं बायबल चोरून दारूसाठी विकलेलं असतं. चोरी त्याने त्याच संध्याकाळी स्वतःहून सांगितलेली. दोस्तोयेव्स्की दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतो आणि पुढे जातो.

आपल्याकडचं उदाहरण ‘दो आंखें बारह हाथ’चं. १९५७ सालचा शांतारामबापूंचा हा चित्रपट औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर बेतलेला, कथा ग. दि. माडगूळकरांची. सहा खुनी आणि एक जेलर. इथे गुरुत्व निखळ आहे, कारण ते वरून येतं. जेलरचे दोन डोळे कैद्यांना दूर गेल्यावरही सोडत नाहीत. पण जरा थांबून पाहिलं तर ज्या डोळ्यांत जिव्हाळा आहे, पहाराही त्यांतच आहे. चित्रपट त्या पहाऱ्यालाच पुण्याई मानतो, म्हणून संशयाला जागा उरत नाही.

‘द शॉशँक रिडेम्प्शन’ हा १९९४ चा चित्रपट वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचतो. अँडी आणि रेड या दोन कैद्यांचं नातं वर्षानुवर्षांच्या सहवासाचं. अँडी ग्रंथालय उभं करतो, टॉमी या तरुण कैद्याला परीक्षेला बसवतो. पुरुषाला पुरुषाविषयी वाटणारी शारीरिक इच्छा मात्र सगळी ‘सिस्टर्स’ या बलात्कारी टोळीच्या खात्यावर टाकली आहे. खलनायकांनी ती ओढ आपल्यावर घेतली की नायकांची दोस्ती आपोआप धुतली जाते. स्टीफन किंगची मूळ कथा रेडच्या आशेवर थांबते; चित्रपट दोघांना समुद्रकिनाऱ्यावर भेटवतो, प्रेक्षक निःशंक डोळे पुसतो. चित्रपट उत्तमच आहे, पण हा निःशंकपणा फार स्वस्तात मिळवलेला आहे.

म्हणजे संदिग्धतेचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. एक तुरुंगातून येतो: उपकार आणि सौदा एकमेकांत इतके गुंतलेले असतात की कैद्यालाही ते सोडवता येत नाहीत. दुसरा वाचकाच्या आणि प्रकाशकाच्या भीतीतून येतो. पहिला जपायला हवा, दुसरा उघड करायला हवा, आणि समीक्षेत बहुधा या दोहोंची गल्लत होते.

दुसऱ्या प्रकाराचा दाखला चेस्टर हाइम्सचा. दरोड्याबद्दल वीस ते पंचवीस वर्षांची शिक्षा झालेला हा कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक १९२८ मध्ये ओहायोच्या तुरुंगात गेला, १९३६ मध्ये पॅरोलवर सुटला. तुरुंगातल्या आयुष्यावर, जिम नावाच्या कैद्याच्या दुसऱ्या एका कैद्यावर जडलेल्या प्रेमासकट, त्याने कादंबरी लिहिली. प्रकाशनापर्यंत जाता जाता तिची बरीच काटछाट झाली, हळुवारपणा आटला, आणि १९५२ मध्ये ती ‘कास्ट द फर्स्ट स्टोन’ या नावाने आली. हाइम्स १९८४ मध्ये स्पेनमध्ये वारला. मूळ संहिता ‘येस्टर्डे विल मेक यू क्राय’ या नावाने छापली गेली ती १९९८ मध्ये.