ब्रॅडफर्डचा लोकरबाजार

उत्तर इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड शहरीं मार्गदर्शकासमवेत पायीं हिंडून व्हिक्टोरियाकालीन वास्तु पाहण्याचा प्रघात आहे. तेथील लोकरबाजाराची व्हेनिसच्या धर्तीची इमारत पाहून कोण प्रसन्न होणार नाहीं? १८६४ सालीं तिच्याविषयीं व्याख्यान देण्यास पाचारण केलेल्या रस्किननें मात्र व्यापाऱ्यांना सुनावलें कीं, तुमच्या या बाजाराची मला पर्वा नाहीं. समाजाची जशी नीति, तशी त्याची वास्तु. त्या काळीं गिरण्यांत मुलें अर्धा दिवस राबत व अर्धा दिवस शाळेंत जात. मग हें सौंदर्य त्याज्य मानावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या कमानी घडविणारा पाथरवटही श्रमजीवीच होता. त्यांकडे पाठ फिरविल्यास अपमान त्याचाच होतो. परंतु कमानींपुढें उभें राहून गिरणींतील त्या मुलांचा विसर पडूं देणें, हें रसिकतेचें लक्षण खास नव्हे.