तुरुंग आणि दोन आया

तुरुंगच नसावेत, असे म्हणणारी एक स्त्रीवादी विचारधारा आहे. अमेरिकेतील अँजेला डेव्हिस यांनी २००३ साली, तुरुंग कालबाह्य झाले आहेत काय, हा प्रश्न आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच विचारला. तेथील विद्यापीठांतून हा विषय शिकविला जातो. आपल्याकडे शिकवावयाचा झाल्यास आरंभ कोठून करावा? आमच्या मते देसाईगंजच्या पोलीस ठाण्यापासून.

मार्च १९७२ मध्ये त्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला दोन पोलिसांवर चालला. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली रद्द केली. पुढील वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार आदी चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलून कोठडीतील बलात्कारास किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली. म्हणजे येथील स्त्री-चळवळीने तुरुंग नाकारला नाही, उलट मागितला. तिला दोष देणारे आपण कोण?

परंतु मुलगी ठाण्यातच होती, हे कसे विसरावे? पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कारागृहात पंधरा स्त्रियांशी बोलणे केले. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, तेथे महिला शिपाई आणि गरिबांस वकील, असे आदेश दिले. दहा वर्षांच्या शिक्षेहून आम्हांस हे उपाय मोलाचे वाटतात. शिक्षा पुष्कळ नंतर येते. महिला शिपाई त्या रात्री तेथे असते. (निदान असावी.)

आमच्या तेरखेड्यालगत पारधी वस्ती आहे. १८७१ च्या कायद्याने देशातील अनेक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. सोलापूरच्या ‘सेटलमेंट’मध्ये बायका-मुलेही तारेच्या कुंपणाआड राहिली. तो कायदा १९५२ साली गेला, पण तुरुंगांच्या नियमावल्यांतून जात गेली नाही. सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार महिलेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तसले नियम घटनाबाह्य ठरविले.

आपल्यातील एखादी आई विचारील, ‘फादर, माझ्या मुलीवर हात टाकणाऱ्याला मोकळे सोडायचे काय?’ नाही, बाई. त्याला अडवावेच लागेल. पण वस्तीवरच्या आईच्या मुलीवर असा प्रसंग आला, तर ती तक्रार देण्यास निघताना आधी घरातल्या पुरुषांना लांब पाठवील. ठाण्यात गेल्यावर त्यांतलाच कोणी आत बसेल, हे भय तिला पिढ्यांचे आहे. तुरुंग मोडा म्हणणाऱ्यांनी पहिलीला उत्तर द्यावयाचे आहे, आणि शिक्षा वाढवा म्हणणाऱ्या आपण या दुसरीला अजून काही विचारलेलेही नाही.